न मागितलेला भात

लिहिणं अडलं की तुम्ही दोष प्रतिभेला देता. ती रुसली म्हणता. खोली बदलता, लेखणी बदलता, नदीकाठी जाऊन बसता. ज्या दाराशी जाऊन एक प्रश्न विचारायचा असतो, तिथे मात्र तुमचे पाय वळत नाहीत.

एकदा एक तरुण एका वृद्ध लेखकाकडे लेखन शिकायला राहिला होता. तो कादंबरी लिहीत होता. तिची नायिका म्हणजे त्याच्या गावी शेजारी राहणाऱ्या अनसूयाक्का. ऐन तारुण्यात आक्का एका सकाळी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. का, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कादंबरीतली नायिकाही घर सोडायला निघाली, उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढचं वाक्य सुचेना. एक वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. तरुण मागचीच प्रकरणं पुन्हा पुन्हा घासूनपुसून लिहीत राहिला. ती प्रकरणं त्याला इतकी देखणी वाटू लागली, की त्याने त्यांची एक प्रत आक्कांना टपालाने पाठवली. उत्तर आलं नाही. कशी वाटली, हे त्यानेही विचारलं नाही.

अशात गुरुजींकडे उत्सवाची पंगत बसली. त्या दिवशी वाढायला गुरुजी स्वतः उठले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी पानांची डावी बाजू भरली. मग ते भात घेऊन आले आणि तरुणाचं पान ओलांडून पुढे गेले. परत आले ते चटणी घेऊन. त्याच्या पानात चटणीवर चटणी पडली, लिंबाच्या फोडी वाढत गेल्या. भात काही पडेना. इतरांच्या भातावर वरण आलं, तूप आलं, श्लोक झाला, पंगत जेवू लागली. शेजारच्या सहाध्यायाने हळूच विचारलं, आज काय लिंबाचं लोणचं घालणार आहेस का? तरुण कसंनुसं हसला. पंगतीत मागायचं नसतं, वाढतील तेव्हा घ्यायचं, हे लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेलं होतं. सगळे हात धुवायला उठले. तोही उपाशीच उठला.

दुपारी गुरुजींनी त्याला स्वयंपाकघरात नेलं, स्वतःच्या हाताने ऊन भात वाढला आणि समोर बसले.

"भात इथेच होता," ते म्हणाले. "मागितला का नाहीस?"

"बरं दिसलं नसतं, गुरुजी."

"तुझी कादंबरी अशीच अडली आहे. तुला शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही. तुला भीड पडली आहे. आक्का घर सोडून का आल्या, हे तुला माहीत नाही आणि तू विचारत नाहीस."

तरुणाने घास खाली ठेवला. आक्कांना वाईट वाटेल म्हणून आपण विचारलं नाही, असं तो सांगू लागला.

"त्यांना वाईट वाटेल, की तुला?"

तरुण म्हणाला, "मी त्यांना बंड करायला लावलं आहे, गुरुजी. खरं कारण साधंच निघालं तर?"

"तर साधं लिही. आधी ऐकून तर ये. आपण जिला दुसऱ्याची काळजी म्हणतो, ती पुष्कळदा आपल्याच कल्पनेची काळजी असते. कादंबरीतली बाई तुझ्या सवडीने उंबरठ्यावर उभी राहील. खऱ्या आक्कांचं वय झालं आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तरुण गावी निघाला. वाटेत त्याने प्रश्न मनात अनेक तऱ्हांनी मांडून पाहिला आणि शेवटी सगळ्यांत साधा तेवढा ठेवला. आक्का, तुम्ही का आलात?

आक्कांच्या दाराला कुलूप होतं. पलीकडच्या इंदूवहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं, की आक्का गेल्या महिन्यात गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही.

तरुणाने पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून ठेवला. मग, इतक्या उशिरा, त्याने तो प्रश्न वहिनींनाच विचारला. वहिनींनाही माहीत नव्हतं. आक्का बोलक्या होत्या, सगळ्या विषयांवर बोलायच्या. त्यांचं मन दुखेल म्हणून आळीतल्या कुणीही हा विषय कधी काढला नव्हता.

उठता उठता त्याने आणखी एक विचारलं. मी पाठवलेले कागद पोचले होते का?

"पोचले की," वहिनी म्हणाल्या. "त्यांना कुठलं दिसत होतं, मीच वाचून दाखवले. मन लावून ऐकलं हो त्यांनी. लिहिलंय छान, म्हणाल्या, बाई मोठी धीराची दिसते. मग मला विचारलं, 'कुठली गं ही?'"