सटवाजीला फूल चालत नाही

मेटवाडीच्या फाट्यावर उतरून शाळेच्या मागच्या पायवाटेनं गेलं की उंबरकड्याच्या पोटाशी एक गुडघाभर उंचीचा काळा दगड लागतो. त्याला शेंदूर नाही, हळदकुंकू नाही, नारळ फोडल्याची खूण नाही. नवा माणूस हौसेनं फूल वाहायला वाकला, तर लांब शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा हाक घालते, "ए बाबा, फूल नगं त्येला. शिवी दे आन् जा."

पाहुण्याला वाटतं थट्टा चालली आहे. पण त्या दगडाला खरोखर शिवीच चालते, आणि तीही तोंडदेखली नाही, पोटातून आलेली. वर मान केली तर कड्याला लोंबणारी आग्या मोहोळं दिसतात, सुपाएवढी काळी. ती पाहत पाहत ऐकायची ही गोष्ट आहे.

फार मागं उंबरकड्यावरचा गड परक्या फौजेनं घेतला, असं सांगतात. कुठल्या फौजेनं, यावर वाडीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा ते राहू द्या. गडाच्या वाटेवर चौकी राखणाऱ्या मेटकऱ्यांची ही वस्ती. गड पडला तेव्हा चौकीवरचे सव्वीस गडी कापले गेले. एकटा सटवाजी मेटकरी जिवंत खाली आला. तोंड सुजून घागरीएवढं झालेलं, डोळे मिटलेले. कसा आला, कुठून आला, त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग वाडीनं आपल्या मनानं ठरवलं की हा पळून आला.

त्याच्या शेजारच्या घरात मैना राहायची, कोंडबाची बायको. दोन घरांत एका कुडाचं अंतर. तिचा थोरला भाऊ त्या सव्वीसांत होता. सकाळी सडा घालून उरलेलं शेणपाणी ती सटवाजीच्या उंबऱ्यावर फेकायची. हे तिनं तीन वर्षं न चुकता केलं म्हणे, सणावारीसुद्धा. सटवाजी ते ओलांडून बाहेर पडायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या न बोलण्यानं मैनेचं पित्त आणखी खवळायचं.

चौथ्या वर्षी माघात गडावरून ठाणेदाराचा हुकूम आला. गडाखाली घरंदारं नकोत, लपायला जागा होते. चैत्री पुनवेच्या आत वाडी उठवा. न उठाल तर माणसांसकट पेटवीन.

देवळापुढच्या पारावर सगळी जमली. कुणी म्हणे पाया पडू, कुणी म्हणे कोकणात उतरू. पोराबाळांनिशी, म्हाताऱ्यांनिशी उतरणार कुठं, यावर कुणी बोलेना. तेव्हा मागं बसलेला सटवाजी उठला.

"मला अकरा गडी पायजेत," तो म्हणाला.

"कशाला?" पाटील म्हणाले. "पळायला सोबत लागती व्हय?"

पार हसला. सटवाजी हसणं थांबेपर्यंत उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी वारुळाच्या माळावर या." एवढं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी साठ जण आले, कारण दुसरं काही करण्यासारखं कुणाजवळच नव्हतं. सटवाजीनं ना लाठी फिरवायला लावली, ना दगड उचलायला. त्यानं एकेकाच्या मानेला गूळ चोळला आणि लाल मुंग्यांच्या वारुळाशी मांडी घालून बसवलं. उन्हं माथ्यावर येईपर्यंत हलायचं नाही. पाटलाचा थोरला, तालमीतला पैलवान, शंभर मोजायच्या आत उडाला आणि सटवाजीच्या आईमाईचा उद्धार करत घरी गेला. दुपारी माळावर अकरा जण उरले होते. त्यांत कोंडबा होता. तो मोहोळं काढणारा माणूस, बसण्याची सवय त्याला आधीपासूनची.

पाटलाचं घर त्या दिवसापासून सटवाजीवर उठलं. त्याचं सरपण बंद केलं, त्याला विहिरीवर शेवटचा नंबर दिला. सटवाजी शेवटी पाणी भरायचा.

त्या अकरांना वाडीनं नाव ठेवलं 'मुके'. रानात गेल्यावर परत येईपर्यंत शब्द काढायचा नाही, असा सटवाजीचा दंडक होता. सगळे एका दोराला बांधलेले, आणि बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. तीन म्हणजे मला सोडा आणि पुढं जा. तंबाखू बंद, कांदा बंद, डोक्याला तेल बंद. अंघोळ नुसती राखेनं. कुठल्या वाटेनं जायचं हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी त्यांनी ग्रामदेवतेपुढं शपथ घेतली होती. शिकवताना त्याचा हात फार वाईट होता, असं सांगतात. एकदा कोंडबा दोरावर शिंकला. सटवाजीनं वर ओढून घेऊन त्याचं करंगळीचं बोट मोडलं.

बोट बांधून कोंडबा घरी आला आणि मैना तशीच कुडाशी गेली.

"सटवाजी दाजी, माझ्या भावाला खाल्लंसा, आता दाल्ल्याला खाताय व्हय? मुडदा बशिवला तुमचा. दाढंला लागलंया का आमचं घर?"

पलीकडून आवाज आला, "त्येला सांग, दुसऱ्यांदा शिंकला तर हात."

मैना कुडापासून वळली. कोंडबाला म्हणाली, "ह्या मढ्याच्या मागनं जाताय तुम्ही? सव्वीस सोडून आलेला माणूस हाय त्यो. तुम्हा अकरांना बी सोडंल."

"ठाव हाय," कोंडबा म्हणाला. "मला बी त्यो आवडत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी तो गेलाच.

फाल्गुनात होळी झाली तेव्हा सटवाजीनं अकरा जणांच्या बायकांना बोलावलं. गडावरचा एक तेलवाला वाडीत रोज फिरायचा. तेल थोडं विकायचा आणि वर्दी जास्त द्यायचा. कुठल्या घरात निरांजन लागलं, कुठली बाई नवऱ्याला ओवाळते, यावर त्याचा डोळा. मेटकऱ्याच्या घरी ओवाळणं झालं म्हणजे माणूस हत्याराला निघाला, हे लहान पोरालाही कळायचं.

"म्हणून ववाळायचं न्हाई," सटवाजी म्हणाला. "अंगारा न्हाई, फूल न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई. आजपासनं रोज सकाळी भांडायचं. नवऱ्याला शिव्या घालून घरातनं हाकलायचं. रोज. म्हंजे ज्या दिवशी आम्ही खरं जाऊ, त्या दिवशी बी त्येच दिसंल."

"आन् फुलानं काय व्हतंय?" मैनेनं विचारलं.

"न्हाई म्हंजे न्हाई."

कारण सांगितलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण सटवाजी कारण सांगणारा माणूस नव्हता आणि मैना कारणाशिवाय ऐकणारी बाई नव्हती.

तो महिना मेटवाडीत फार वाईट गेला. अकरा घरांत रोज भांडण. पहिले चार दिवस बायका हसू दाबून भांडत होत्या. मग खऱ्या गोष्टी निघू लागल्या. सासूनं काय म्हटलं होतं, कुठल्या सणाला लुगडं घेतलं नाही, कोण कुणाकडं बघतो. एक बाई खोटं भांडता भांडता खरी माहेरी गेली ती आलीच नाही. तेलवाला गडावर सांगायचा, "वाडीचं डोकं फिरलंय, घरं आतनं मोडायला लागल्यात." ठाणेदार खूश होता. आणि बायका नवऱ्यांशी भांडून उरलेलं सगळं सटवाजीच्या नावानं ओतत होत्या. त्या महिन्यात त्याला जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या त्या खोऱ्यात कुणाला पडल्या नसतील.

पुनवेच्या दोन दिवस आधी सकाळी कोंडबा उठला आणि काही न बोलता त्यानं मडक्यातलं पाणी बसून, संथपणे प्यायलं. एरवी तो उभ्यानं प्यायचा. मैनेला कळलं, आज.

ती भांडली. खूप मोठ्यानं भांडली. पण हात ऐकेनात. चैत्रात सुरंगी फुलते. तिनं आदल्या संध्याकाळी देवीला वाहिलेला सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, प्रसाद म्हणून परत आणून ठेवला होता. तिनं नवऱ्याचं मुंडासं उचललं, आत वळून पटकन वळेसर त्याच्या घडीत खोचला आणि मुंडासं अंगणात त्याच्या तोंडावर फेकून मारलं.

"जा मसणात," ती म्हणाली. "परत तोंड दावू नगासा."

तेलवाला समोरच्या ओट्यावर बसून हे बघत होता आणि हसत होता. कोंडबानं मुंडासं गुंडाळलं. मैनेच्या डोक्यात चैत्रभर सुरंगीच असायची, त्या वासाची त्याला सवय झालेली. त्याला काही कळलं नाही.

बारा जण भर दुपारी कड्याला लागले. रात्री गडावर पहारा दुप्पट असायचा; दुपारी मात्र मोहोळांच्या कड्याकडं कुत्रंसुद्धा फिरकत नसे. गड पडला त्या दिवशी सटवाजी याच अंगानं उतरला होता, चावे खात. ती वाट त्या एकट्याला ठाऊक होती. म्हणून तो तीन वर्षं गप्प होता. वाट बोलली की गेली.

पुढं सटवाजी, मागं कोंडबा, मग बाकीचे. अर्धा कडा चढल्यावर कोंडबाच्या डोक्याभोवती दोन माश्या आल्या. मग दहा. मोहोळ काढणाऱ्याला त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो जागच्या जागी थिजला. तोंडावर माश्या बसल्या तरी हलला नाही.

सटवाजी खाली वाकून बघत होता. तो दोन हात खाली सरकला, त्यानं कोंडबाच्या डोक्याशी नाक नेलं आणि मुंडासं चाचपलं. घडीतली पिवळी फुलं त्याला दिसली. कोंडबा पुढं आयुष्यभर सांगायचा की त्या वेळी सटवाजीच्या डोळ्यांत जो राग होता, तसा त्यानं माणसाच्या डोळ्यांत कधी पाहिला नाही. त्याला वाटलं, हा आता दोर कापणार आणि मला खाली सोडणार.

सटवाजीनं ते मुंडासं अलगद काढलं आणि स्वतःच्या डोक्याला गुंडाळलं. मग दोराला हिसका दिला. एक. दोन. तीन.

आणि त्यानं आपली गाठ सोडली.

तो कड्याच्या आडव्या चिरेतून मावळतीकडं सरकत गेला, जिथं सगळ्यांत मोठं मोहोळ होतं. सबंध काळा पडदा उठला आणि त्याच्यावर पडला. खालचे दहा जण बघत होते. कुणी हाक मारली नाही, आणि तिकडूनही आवाज आला नाही. कोंडबानं डोळे पुसले आणि दोराला दोन हिसके दिले.

माश्या उठलेल्या पाहून गडावर पळापळ झाली. सगळी फौज कोठारांत आणि पागेत शिरली आणि दारं लावून बसली. अकरा जण वर पोचले तेव्हा गडावर मोकळं माणूस नव्हतं. त्यांनी बाहेरून दारांना अडसर घातले, महादरवाजा उघडला आणि वाडी वर बोलावली. दिवस मावळायच्या आत ठाणेदारानं आतून शरण आल्याची हाक दिली. वाडी वाचली.

सटवाजीला दुसऱ्या दिवशी दोर लावून खाली आणलं. तो पडला नव्हता. चिरेत मांडी घालून बसलेला सापडला, वारुळाशी बसवायचा ना, तसा. पाय मोडलेली मुंगी हलेल एवढंही तो हलला नसावा.

आता वाडीला सगळं कळलं होतं. बायका हार घेऊन आल्या, तेल आणलं, धूप आणला. पाटील स्वतः नारळ घेऊन पुढं झाले. मैना गर्दीतून आत गेली. तिनं त्याच्या डोक्याचं मुंडासं पाहिलं. आपल्या हातानं धुतलेलं. त्यातून चुरगाळलेली सुरंगी खाली सांडली.

ती खाली बसली आणि सांडलेली फुलं तिनं वेचली. मग उठून म्हणाली, "फुलं मागं न्या. ह्येला फुलानं मारलंय. माझ्या फुलानं."

कोंडबा मान खाली घालून उभा होता.

"आयुष्यात त्यानं एकच मागितलं," मैना म्हणाली. "शिव्या द्या म्हणाला. तेवढं बी माझ्यानं झालं न्हाई." आणि ती त्या मढ्यापुढं उभी राहून शिव्या देऊ लागली. तीन वर्षांच्या, महिन्याच्या, सगळ्या. मुडद्या, काळतोंड्या, कारण सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी. डोळ्यांतून धार लागलेली आणि तोंडात शिवी. एकेक करत बाकीच्या बायकांनी हार खाली ठेवले आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला.

तिथंच मग हा दगड रोवला. सुरंगीचं झाड मेटवाडीत कुणी तोडत नाही, पण त्याचं फूल घराबाहेर निघालेल्या माणसाच्या अंगावर ठेवत नाहीत.

आजही मेटवाडीच्या घरटी एक माणूस फौजेत आहे. रजा संपवून पोरगा निघाला की त्याला ओवाळत नाहीत, दही हातावर देत नाहीत. आई दारात उभी राहून शिव्या घालते, शेजारणी भर घालतात, आणि त्यानं मागं न बघता, उलट शब्द न काढता फाट्यापर्यंत चालत जायचं. नवा कंडक्टर असला तर घाबरतो आणि विचारतो, "काय केलंस रं घरात?" पोरगा गप्प तिकीट काढतो.

ज्याचं परत येणं होत नाही, त्याची आई त्या वर्षी दगडाशी येते आणि नुसती बसते. तिला कुणी बोलायला लावत नाही.

आणि जो परत येतो, तो आधी घरी जात नाही. पेटी खांद्यावरच ठेवून पायवाटेनं कड्याच्या पोटाशी येतो, मोहोळांकडं एकदा बघतो आणि दगडाला हळू आवाजात सांगतो, "आलो रं, मुडद्या."