नावांचा पूल

अगरपूरच्या राजाने राहीला राज्यात घेतलं, पण सुभानाला पुलावरच अडवलं.

राही ही ओतारीण. घंटा ओतावी तर तिनेच, असं आसपासच्या साऱ्या राज्यांत बोललं जाई. अगरपूरच्या राजवाड्यावरची घंटा तडकली होती. महाराज झोपून उठले की ती वाजवायची असा तिथे नियम, आणि महाराज दिवसातून चार-पाच वेळा झोपून उठत. नवी घंटा ओतायला राहीला दोन वर्षांचा परवाना मिळाला. सुभाना आणि ती एका घरात राहत, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड असावं की बासुंदी, यावर दोन्हीकडच्या मंडळींचं सात वर्षांत एकमत झालं नव्हतं. मंडळी अजून भांडत होती, आणि ही दोघं वाट बघायची सोडून सुखाने नांदत होती.

दोन राज्यांच्या मधे खाडी होती आणि खाडीवर नावांचा पूल. नावेला नाव बांधलेली, वर फळ्या टाकलेल्या. राही पलीकडे उतरली आणि सुभाना बोचकं आणि कढई घेऊन मधल्या फळीवर बसून राहिला. जकातदाराने नियम वाचून दाखवला. कामाला येणाऱ्याने बायको आणावी, नवरा आणावा, मुलं आणावीत, वाटलं तर शेळीही आणावी. लग्नाशिवायचा माणूस यात कुठेच बसत नव्हता. जकातदार मनाने चांगला होता. सुभानाला शेळी म्हणून आत सोडू का, असं त्याने हळूच विचारलं. सुभाना तयारही झाला, पण शेळीचं दूध रोज चौकीवर पोचवावं लागतं असं कळल्यावर तो बेत फिसकटला.

इथेच लग्न लावतो म्हणावं, तर लग्न लावायला आधी राज्यात यावं लागे, आणि राज्यात यायला आधी लग्न झालेलं लागे. भाता ओढणारा म्हणून घ्या म्हणावं, तर भाता ओढायला अगरपुरात माणसं होतीच. त्यात पावसाळा तोंडावर आला होता. त्याच संध्याकाळी पूल सोडून नावा काठाला लावायच्या होत्या, आणि मग चार महिने इकडचं माणूस तिकडे जायचं नाही. राहीने सांगून टाकलं, हा आत आला नाही तर घंटाही होणार नाही.

घंटेच्या काळजीने महाराज स्वतः पुलाच्या तोंडाशी आले. सिंहासन आलं, दिवाणजी आले, मागोमाग राणीसाहेबांचा मेणा आला. महाराज भारी हट्टी. बऱ्याच दिवसांत हट्टाला चांगलं निमित्त मिळालं नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"तो तुझा कोण?" महाराजांनी विचारलं.

"हा," राही म्हणाली.

"हा म्हणजे कोण?"

"लग्न झालं असतं तर 'आमचे हे' म्हटलं असतं, महाराज. नाही झालं, म्हणून नुसता 'हा'."

दिवाणजींना हसू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं. महाराजांनी मात्र डाव टाकला. आमच्याकडे बायको भरल्या सभेत उखाणा घालून नवऱ्याचं नाव घेते, ते म्हणाले. तू याचं नाव घे, मी त्याला आत घेतो. पण लग्न नसताना नाव घेतलंस तर राजाशी खोटं बोललीस, मग तुझाही परवाना गेला. आणि नाही घेतलंस, तर दिवस बुडताच पूल सुटेल.

काहीही केलं तरी राहीच अडकणार होती. तिने पुलाकडे पाहिलं. नावाडी दोरीला हात घालून थांबला होता, आणि सुभाना कढई छातीशी धरून उभा होता. मग तिची नजर त्याच्या सदऱ्यावर गेली. सदरा उलटा! इतक्या मोठ्या राजापुढे उलटा सदरा घालून उभा राहिलेला पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच आगीत तिला उत्तर सुचलं.

"महाराज, नाव घ्यायचा मान लग्नाच्या बायकोचा. तो माझा नाही, म्हणून मी नाव घेणार नाही. मी नावं ठेवते."

आणि ती सुरू झाली. सदरा उलटा घालतो आणि सांगायला गेलं तर बघणाऱ्यालाच दोष देतो. भाकरी करपवतो, करपलेली स्वतः खातो, आणि मला तीच आवडते म्हणून सात वर्षं खोटं बोलतो. पहाटे सगळं पांघरूण माझ्या अंगावर टाकून स्वतः कुडकुडतो आणि मग महिनाभर शिंकत बसतो.

"मागच्या थंडीत पांघरूण तूच ओढलं होतंस," सुभाना पुलावरून म्हणाला.

"मधे बोलतो, हेही धरा महाराज."

महाराज काही बधले नाहीत. नावं काय कुणीही कुणालाही ठेवतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मग दिवाणजींनी आपल्याला ठेवून दाखवावीत," राही म्हणाली.

दिवाणजी पांढरेफटक पडले. महाराजांमध्ये नाव ठेवायला जागाच नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. जकातदारानेही तेच सांगितलं. नावाड्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तोही तेच म्हणाला.

तेवढ्यात मेण्याचा पडदा सरकला.

"इकडून घोरणं होतं," राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या. "घंटा वाजवून तडकलेली नाही. घोरण्याने तडकली."

मग त्या थांबेनात. आंबा खाऊन हात कुठे पुसणं होतं, बुद्धिबळात हरल्यावर उंट कुठे लपवणं होतं, सगळं निघालं. महाराजांचे कान लाल झाले. सूर्य पाण्याला टेकला, तरी पूल सोडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

"महाराज," राही म्हणाली, "आपलं नाव सारी प्रजा घेते. नावं ठेवणारं माणूस मात्र घरातलंच असतं. मलाही नावं ठेवणारा एकच आहे, आणि तो पुलावर राहिलाय."

महाराजांनी आधी राणीसाहेबांकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे, आणि मग ते असे खदखदून हसले की सिंहासनाखालच्या फळ्या हलल्या. त्यांनी सुभानाला कढईसकट आत बोलावलं आणि विचारलं, हिने तुला एवढी नावं ठेवली, तू हिला नाही का ठेवणार?

"ठेवीन की, महाराज," सुभाना सदरा सरळ करत म्हणाला. "पण परवाना दोनच वर्षांचा आहे. तेवढ्यात नाही व्हायचं."

महाराज पुन्हा हसले. दोघांचा परवाना जन्मभराचा झाला आणि राहीला सोन्याचं कडं मिळालं. त्या रात्री राजवाड्यातून पंगतीचं बोलावणं आलं, तेव्हा महाराजांनी आचाऱ्याला बजावून सांगितलं होतं, श्रीखंडही कर आणि बासुंदीही कर.