राजे हैबतरावांचं मुळापासूनचं थालीपीठ

बरणीत पीठ सापडलं आणि राजे हैबतरावांचं डोकं फिरलं!

आता मुदपाकखान्यातल्या बरणीत पीठ नाही तर काय हत्ती सापडणार? पण खरा राजा आयतं काही खात नाही, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं. झालं! स्वारी तडक चुलीपाशी हजर.

"भिवरे, हे काय?"

"भाजणी, सरकार," स्वयंपाकीण भिवरा म्हणाली. "धान्यं, डाळी, धणे-जिरे भाजून दळून ठेवलेत. कांदा-मीठ घालून भिजवलं की घटकाभरात थालीपीठ!"

"घटकाभरात? म्हणजे आयतं! राजाच्या ताटात आयतं पीठ?"

"भाजताना माझी दोन बोटं पोळली, सरकार. ती काही आयती पोळली नाहीत!"

"सरकार, ही उलट बोलते!" कारभारी अंतोबा पुटपुटले. राजांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवणं हीच त्यांची चाकरी.

राजे गरजले, "उद्या दुपारी मला थालीपीठ, लोणी आणि दही हवं. सगळं मुळापासून! दुसऱ्यानं केलेली एकही गोष्ट माझ्या पुढ्यात आली, तर तुला राजवाड्याबाहेर काढीन. मी स्वतः बसून बघणार!"

तीस वर्षं भिवरा त्या चुलीपुढे राबली होती. राजवाड्याबाहेर तिचं होतं कोण? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. हुकूम तिनं पुन्हा एकदा मनात घोळवला आणि हळूच हसली.

सकाळी राजांपुढे शिरा आला. अंतोबांनी लगेच ताटली उचलली. "सरकार, रवा दुसऱ्यानं काढलाय!"

"परत न्या!" राजे ऐटीत म्हणाले आणि मुदपाकखान्यात येऊन पाटावर बसले.

"सरकार, पाट सुतारानं केलाय," भिवरा म्हणाली.

"तो पुढ्यात नाही, बुडाखाली आहे! तू कामाला लाग!"

भिवरानं ज्वारी सुपात घेतली. "ही धोंडजीच्या शेतातली. त्यानं पेरली, त्यानं राखली."

"मग नको!"

"बरं. आता मी पेरते. चार-पाच महिने बसाल ना?"

राजांनी घाईनं तव्याकडे बोट दाखवलं. भिवरानं तवा पुढे केला. तवा लोहाराचा निघाला. चुलीतला विस्तव पहारेकऱ्याच्या शेगडीतून आणलेला. "उसना विस्तव!" म्हणत अंतोबांनी उत्साहानं त्यावर तांब्या ओतला. मुदपाकखानाभर धूर झाला आणि राजांना ठसका लागला.

"दही तरी घरचं असेल?" राजांनी डोळे पुसत विचारलं.

"लावलं मीच. पण विरजण शेजारच्या भागीचं."

"भागीनं कुठून आणलं?"

"ते मला काय ठाऊक!"

"सहा स्वार सोडा!" राजे ओरडले. "विरजणाचं मूळ शोधून काढा!"

नंग्या तलवारी घेऊन सहा घोडेस्वार दह्याच्या मागावर निघाले. गावातल्या बायकांनी गाडगी पदराखाली लपवली. दुपार उतरायला लागली तेव्हा कुठे स्वार धापा टाकत परतले.

"सरकार, भागीनं ते कासारणीकडून आणलं. कासारणीनं नदीपलीकडच्या मावशीकडून. आणि मावशीनं आपले वैरी राजे खंडेराव यांच्या मुदपाकखान्यातून!"

"वैऱ्याचं दही!" राजांचा हात तलवारीकडे गेला.

"पण त्यांच्याकडे ते आपल्या राणीसाहेबांनी धाडलं होतं. तहाच्या जेवणाच्या वेळी."

"आणि राणीसाहेबांना कुणी दिलं?"

स्वार चाचरला. "भिवराबाईंनी."

"सापडलं! म्हणजे विरजण तुझंच, भिवरे!"

"हो की! आणि मला भागीनं दिलं, सरकार!"

राजांनी कपाळाला हात लावला. "मग नुसतं दूध दे," ते हळूच म्हणाले.

"दूध गाईनं केलंय."

"सरकार, गाय म्हणजे दुसरीच की!" अंतोबा म्हणाले. राजांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कारभारी दोन पावलं मागे सरकले.

"पाणी तरी? विहीर माझ्या पणजोबांनी खणली आहे!"

"विहीर त्यांची, सरकार. पाणी पावसाचं."

इतक्यात राजांच्या पोटात असा काही गडगडाट झाला की अंतोबांनी खिडकीतून आभाळ पाहिलं.

भिवरानं राजांसमोरची जागा स्वच्छ पुसली, पदर खोचला आणि हात जोडले. "वाढलंय, सरकार!"

"कुठे? इथे तर काहीच नाही!"

"तुमच्या हुकुमात बसेल असा एकच पदार्थ साऱ्या राजवाड्यात सापडला."

"कोणता?"

"भूक, सरकार! सकाळपासून बसून तुम्ही ती एकट्यानं, मुळापासून केलीत. कुणाची उसनी नाही, कुणी आयती दिलेली नाही. पोटभर घ्या! लाजू नका, मागाल तितकी आहे!"

सवयीनं एकटी अंतोबांची मान तेवढी डोलली.

आणि राजे हैबतराव हसायला लागले! उपाशीपोटी हसवेना, तरी हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"हरलो, बाई, हरलो! आता आयतं वाढ, उसनं वाढ, वैऱ्याचं दही वाढ, पण वाढ!"

विस्तव पुन्हा उसना आणावा लागला. आणायला खुद्द अंतोबा धावले. राजांनी एकामागून एक सात थालीपिठं फस्त केली. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भिवरापुढे धरलं. "हे तुला. आजपासून या चुलीपाशी हुकूम तुझा!"

भिवरानं कडं उलटसुलट करून पाहिलं.

"सरकार, हे तर सोनारानं घडवलंय. आयतं घेतलं तर चालेल ना?"

"घे, घे!" राजे पुन्हा खदखदून हसले. "आणि आठवं टाक!"