उष्टा आवळा

पूर्वी करंजवती नावाच्या डोंगरी नगरात मणिकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच्या अमात्याचा जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सुनीत होते.

मणिकेतू राज्य करी खरा, पण एका जागी बसून नव्हे. त्याच्या पायाला जणू भिंगरी होती. सिंहासनावर टेकला न टेकला की उठे, सज्ज्यात जाई, तिथून पाकशाळेत. भात आपल्या डोळ्यांसमोर शिजतो आहे ना, हे पाहत उभा राही, आणि तोच भात पानात पडला की त्याची भूक मेलेली असे. आचारी तर इतके बदलले, की नवा आचारी आला की बोचके सोडण्याआधी विचारी, "परतीची वाट कुठली?"

याला कारण होते. त्या मुलखात एक जुनी चाल होती. हंगामाचे पहिले फळ राजवाड्याच्या चौकात, सर्वांच्या देखत राजाने खायचे. मगच प्रजेने त्या फळाला तोंड लावायचे. राजाच्या आधी जो खाईल तो फळ खात नाही, राजाचे आयुष्य खातो, असे सगळे मानत. मणिकेतूचे वडील असाच पहिला आंबा खाताना चौकात कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. मणिकेतू शेजारीच उभा होता. विष असणार, असे लोक म्हणाले. कोणी घातले ते कधीच कळले नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर फुंकूनही पिईना. गादीवर आल्यापासून त्याने एकाही फळाला दात लावला नव्हता.

कोणाला आधी चाखायला लावावे, तर चाल मोडते. चाल पाळावी, तर भीती सोडत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मग तो म्हणे, "उद्या खाऊ." आणि उद्याचे फळ झाडावरच पिकून खाली पडे.

प्रजेचा राजावर भारी जीव. ती वाट पाहत राहिली. आंबे सडले. जांभळांचा सडा पडून वाटा काळ्यानिळ्या झाल्या. करवंदे जाळीतच सुकली. आयांनी पोरांच्या मुठी उघडून फळे काढून घेतली आणि रडत्या पोरांना पेज पाजली. त्या खडकाळ मुलखात भाजीपाला बेताचाच. माणसे जगत ती रानातल्या फळांवर. पण राजाचे आयुष्य कोण खाणार?

असे दोन उन्हाळे गेले. मग लोकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. चार पावले चालले की गुडघे धरत. साधे खरचटले तरी जखम भरेना. वैद्यांनी काढे दिले, मांत्रिकांनी दोरे बांधले, आणि दुखणे होते तिथेच राहिले.

राणी उत्पलेनेही अंथरूण धरले. लहानपणी तिच्या पायाला कोयता लागला होता. ती जखम केव्हाच बुजली होती. आता त्याच जागी कातडी उकलली. आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो आहोत आणि ती हातची चालली आहे, हे राजाला दिसत होते. तिच्या उशाशी बसवेना आणि तिच्यापासून दूर राहवेना. दालनाच्या दारातून तो दिवसभर आतबाहेर करी.

सुनीत मात्र गावाबाहेरच्या फळझाडांच्या राया हिंडून आला होता. तो सरळ राजासमोर उभा राहिला.

"महाराज, रानातली वानरं पाहिलीत? अंगावर कशी तुकतुकी आहे. पोपट पाहा, खारी पाहा. दुष्काळ त्यांना नाही, आपल्यालाच आहे. जे आपण टाकलं, ते खाऊन ती ताजी राहिली आहेत. माझं मन सांगतं, देवीचं औषध झाडावर आहे. आंबा, जांभूळ गेलं. आता आवळा तेवढा उरला आहे. तोही गळू लागलाय."

राजाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "मी फळ खावं याची तुम्हाला एवढी घाई का, अमात्य?"

हा घाव वर्मी बसण्यासारखा होता, पण सुनीताने तो झेलला. "घाई देवीच्या दुखण्याला आहे, महाराज."

"वडिलांच्या आंब्यात विष नव्हतं, असं शपथेवर सांगाल?"

"नाही. मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं मी सांगणार नाही."

राजाला खोटा दिलासा हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून तो चिडला. त्याने दवंडी पिटवली: माझी वाट पाहू नका, आवळे खा. लोकांनी दवंडी ऐकली, राजाला दुरूनच हात जोडले आणि कोणी झाडाकडे फिरकलेसुद्धा नाही. मग राजा स्वतः आवळा घेऊन राणीकडे गेला.

"उत्पले, एवढा खा. माझी आज्ञा आहे."

तिने मान फिरवली. ओठाच्या कडेला रक्त सुकले होते. "आपलं आयुष्य खाऊन मी जगू? असलं जगणं नको मला."

राजा तिथेच मटकन बसला. किती दिवसांनी तो असा एका जागी बसला होता, पण ती काही शांतता नव्हती. आपल्या भीतीने आपली बायको मरते आहे, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळले आणि त्याला स्वतःची लाज वाटली. "उद्या सकाळी चौकात खाईन," तो म्हणाला.

सकाळी चौक भरला. राणीला पालखीतून आणले होते. लोक एकमेकांच्या आधाराने उभे होते. सुनीताने झाडावरचा ताजा आवळा तबकात ठेवला. राजाने तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि त्याचा हात लटलटू लागला. डोळ्यांपुढे वडिलांचा पालथा पडलेला देह आला. आवळा हातातून सुटून तबकात पडला. तो पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. गर्दीत कोणी हुंदका दिला. राजा वाड्याची एक पायरी मागे चढला, मग दुसरी.

तेव्हा सुनीताने तबकातला आवळा उचलून तळहातांत दाबला. आवळा फुटून त्याच्या फोडी सुट्या झाल्या.

"महाराज," तो हलकेच म्हणाला, "यात विष असेल तर मी जाईन. नसेल तर ही माणसं मला सोडणार नाहीत. पण मग तुमची खात्री पटेल, आणि देवी जगतील."

आणि एक फोड तोंडात टाकून त्याने ती सावकाश चावून गिळली.

क्षणभर कोणाचा विश्वासच बसेना. मग चौक उसळला. "अमात्यानं राजाचं आयुष्य खाल्लं!" ज्यांना धड उभे राहवत नव्हते, ते दगड उचलायला वाकले. सुनीत जागचा हलला नाही. उरलेल्या फोडी त्याच्या उघड्या तळहातावर होत्या.

आजवर राजाने चारी दिशांना एकच मरण शोधले होते, आपले स्वतःचे. आज दुसऱ्याचे मरण त्याच्यासमोर उभे होते, आणि तेही त्याच्यापायी. पहिला दगड सुटला तसा तो पायऱ्या उतरत धावला. दगड त्याच्या खांद्याला लागला. त्याने सुनीताच्या हातातली फोड ओढून घेतली आणि तोंडात कोंबली. राजाने अमात्याचे उष्टे खाल्ले! आंबट-तुरट रसाने दात आंबले, डोळ्यांत पाणी आले. तो चावत राहिला.

सगळे हात वरच्या वर थांबले. एक म्हातारी कुंभारीण काठी टेकत पुढे आली. तिने राजाकडे पाहिले, अमात्याकडे पाहिले.

"एकाच आवळ्याच्या फोडी ना?" ती म्हणाली. "एका ताटात बसल्यावर पहिला घास कुणाचा, हे कोण मोजतं रे? टाका ते धोंडे खाली."

दगड एकेक करून खाली पडले. राजा फोड घेऊन पालखीजवळ गेला.

"आपण खाल्लात?" उत्पलेने विचारले.

राजाने लहान पोरासारखा आ करून दाखवला. ती कित्येक दिवसांनी हसली. हसताना हिरड्या दुखल्या, तरी हसली, आणि फोड तिने तोंडात घेतली.

त्या दिवशी करंजवतीच्या रायांत पाय ठेवायला जागा नव्हती. दुखणे एका घासात गेले नाही. पण लोक रोज आवळा खात गेले, पुढे बोरे आली, डाळिंबे आली, आणि हळूहळू हिरड्या घट्ट झाल्या. राणीची जखम भरून आली. राजाचा हात पहिल्या फळाला नंतरही थरथरे, ते काही गेले नाही. पण तेव्हापासून तो पहिले फळ फोडी करूनच मागवी, आणि सुनीताला शेजारी बसवून दोघे एकदमच खात.

एवढी कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा मणिकेतू राजा म्हणजे भिक्षापात्रातला प्रत्येक घास संशयाने उलटून पाहणारा आपला उपसीव. राणी उत्पला म्हणजे त्याच्यासाठी रोज फळे घेऊन येणारी उपासिका पालिता. ती प्रजा म्हणजे तुम्ही सारे, आणि सुनीत अमात्य मी होतो. भ्यालेल्याला 'भिऊ नको' असे कोणीही सांगते. त्याच्या भयातला पहिला घास आपण खावा, ही मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."