बायजाचा परकर

राघोबुवा महाराज कोळगिऱ्यास नदीकाठच्या पडक्या धर्मशाळेत मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली पौषात थंडी अशी पडली, की धुके दुपारपर्यंत हलत नसे.

गोजराबाई शिंपीण गावाच्या गोधड्या शिवून पोट भरी. तिची एकुलती एक बायजा आश्विनात तापाने गेली. मागे राहिला तो खारव्याच्या लाल जाड कापडाचा नवा परकर, पंचमीला एकदाच नेसलेला. महाराज नुसत्या घोंगडीवर निजतात हे ऐकून गोजराने त्यांच्यासाठी गोधडी शिवली आणि मधोमध तो परकर लावला.

नवा खारवा रंग जायचा थांबेपर्यंत धुवावा आणि मगच गोधडीला लावावा, हे तिला कुणी सांगायला नको होते. तरी तिने तो तसाच लावला.

धुक्याने गोधडी ओलावली आणि सकाळी महाराजांचे पांढरे धोतर लालेलाल! महाराजांची धुणी धुण्याचा मान वेणूकाकूंचा. त्या धर्मशाळेच्या अंगणात चारचौघींत म्हणाल्या, "काय गं, जन्मभर गोधड्याच शिवल्यास ना? की महाराजांना पौषातच होळी खेळवायची होती?"

बायका हसल्या. गोजरा खाली बघत म्हणाली, "धुतला असता तर लेकीचा वास गेला असता, काकू."

"म्हणजे मेलेल्या पोरीचं नेसूचं महाराजांना पांघरायला दिलंस?"

आता कुणी हसले नाही. महाराज शांतपणे म्हणाले, "काकू, त्या गोधडीत मला ऊब लागते. राहू द्या."

पण काकूंना राहवेना. दुसऱ्या दिवशी महाराज पूजेला बसलेले पाहून त्यांनी गोधडी उचलली आणि नदी गाठली. अंगण झाडायला आलेल्या गोजराला महाराजांच्या अंथरुणावर गोधडी दिसली नाही. ती धावत सुटली.

घाटावर पोचली तेव्हा धोपटणे चालू होते. पाण्यात लाल ओघळ लांबवर गेला होता. गोजराने गोधडी ओढून घेतली नाही. आता ओढून काय उरले होते? ती पायरीवर बसली.

मागून महाराज आले. "निघाला का रंग सगळा, काकू? मग पिळा आता."

काकूंनी पीळ घातला. पाणी स्वच्छ निघाले, आणि परकर होता तसाच लाल! चिडून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, आणि एकाएकी तोंडच त्यात खुपसले.

"गोजरा," त्या कशाबशा म्हणाल्या, "हा तर आमच्या गजूचा वास गं. दुधाचा, वेखंडाचा."

काकूंचे तान्हे मूल गेले होते, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक होते. काकूंनी त्याचे नाव कधी काढले नव्हते.

गोजराने दुसरे टोक नाकाशी नेले. तिला बायजाचाच वास आला. तेल लावलेल्या वेणीचा, उन्हात खेळून दमलेल्या अंगाचा. गोजरा महाराजांकडे वळली. "वास ठेवलात, महाराज. ती नाही का हो यायची?"

महाराजांचे डोळे भरले. "नाही, बाई. ते माझ्या हाती नाही."

काकू त्यांच्या पायांशी वाकू लागल्या, तसे महाराज मागे सरले. "माझ्या नव्हे," ते म्हणाले.

वेणूकाकू भिजल्या लुगड्यानिशी गोजरापुढे त्या गार दगडावर बसल्या. सोवळे त्यांना आठवले नाही. गोजरा पाय मागे घेऊ लागली. पण त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले आणि त्यांवर डोके ठेवले.