जिंकलेल्याची मान

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण तिच्यातली चूक मोठ्यांचीच आहे.

त्या राज्यात नदीकाठी एक तालीम होती. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादाच्या हाताला गुण होता. निखळलेला खांदा तो गप्पा मारता मारता बसवत असे. डाव शिकवणारे वस्ताद पुष्कळ होते, पण कुस्ती संपल्यावर पैलवानाचे काय करायचे, हे याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

कुस्ती संपली की तो पैलवानाला लगेच बसू देत नसे. आधी लाल मातीच्या हौद्याभोवती सावकाश फेऱ्या, दम खाली बसेपर्यंत. मग कडुलिंबाचा पाला घालून उकळलेल्या कोमट पाण्याने अंघोळ. सूज असेल तिथे नुसते गार पाण्याचे फडके. तिथे कुणी चोळायला गेले, तर वस्ताद असा खेकसे की तालीम गप्प होई. बाकीच्या अंगाला तिळाचे तेल. जेवायला तूप घातलेली भाताची पेज, आणि मग झोप. पैलवान आपण होऊन उठेल तेव्हा उठेल, त्याला हाक मारायची नाही. दोन दिवसांनी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे. नवव्या दिवशी पुन्हा मातीत पाय. तोवर त्याचा लंगोट वस्तादाच्या घरी खुंटीवर असे, आणि प्रत्यक्ष राजाने मागितला तरी तो मिळत नसे.

हे सगळे सुरू होई एका प्रश्नाने. वस्ताद पैलवानाच्या पाठीवर हात ठेवून विचारी, "कुठं दुखतंय?"

पण त्या तालमीची एक विचित्र रीत होती. हा प्रश्न फक्त हरलेल्याला विचारत. जिंकलेल्याला तो विचारणे म्हणजे त्याचा अपमान. दुखतंय का म्हणून विचारले, तर समोरच्याने तुला दुखवले असे म्हटल्यासारखे होईल, असे सगळे समजत. त्यामुळे हरलेल्याला पेज आणि झोप मिळे, आणि जिंकलेल्याला हार आणि मिरवणूक. ही रीत कोणी घातली, कुणालाच सांगता येत नसे, आणि मोडायचेही कुणाच्या मनात येत नसे.

वस्तादाचे दोन लाडके पठ्ठे होते. सख्खे भाऊ नव्हते, पण एका ताटात जेवून वाढलेले, म्हणून तालमीत त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरल्याला आईबाप नव्हते. वस्तादानेच त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते.

एका वर्षी राजाच्या जत्रेत मानाच्या गदेसाठी शेवटची कुस्ती या दोघांवरच आली. धाकट्याने थोरल्याला खाली घेतले. पाठ टेकायला चार बोटे उरली होती. तेवढ्यात थोरल्याने सगळा भार मानेवर घेऊन अंगाची कमान केली, निसटला, आणि वळून धाकट्यालाच चीतपट केले. मैदान दणाणून गेले. लोकांनी थोरल्याला उचलले, पाठीत थापा मारल्या, हत्तीवर बसवले आणि वाजतगाजत नेले.

वस्ताद रीतीप्रमाणे धाकट्याजवळ गेला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

धाकटा म्हणाला, "वस्ताद, माझं काही नाही. थोरल्याची मान वाजली. मी त्याला धरलं होतं तवा माझ्या कानाशीच वाजली. आधी त्याला बघा."

वस्तादाला वाईट वाटले, पण थोरल्यासाठी नाही. हा पोरगा हार पचवू शकत नाही, असे त्याला वाटले. भावाच्या गळ्यातला हार बघवत नाही का तुला, असे त्याने सरळ विचारलेही. हरलेला माणूस जिंकलेल्याविषयी काहीही बोलला, तरी लोकांना त्यात जळफळाटच ऐकू येतो.

इकडे हत्तीवर थोरल्याच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि कुणी पाहिले नाही ना, ते बघितले. मग तो वस्तादाच्या दारी गेला. आत वस्ताद धाकट्याच्या पाठीला तेल लावत होता. थोरला उंबऱ्याशी बसून बराच वेळ ते पाहत राहिला. जिंकलेल्याने आपण होऊन दुखणे सांगायचे नसते, म्हणून तो विचारण्याची वाट बघत होता.

वस्ताद हसून म्हणाला, "तुझं इथं काय काम? राजवाड्यावर पानं मांडून वाट बघत असतील."

थोरला उठला आणि गेला. मला त्या वस्तादाचा राग येतो. पण आपणही असे किती जणांना दारातून हसत हसत परत पाठवले असेल, हे आठवले की राग गिळावा लागतो.

चौथ्या दिवशी शेजारच्या राज्याचा पैलवान आला आणि त्याने गदेला आव्हान दिले. थोरला लढेल का, असे राजाने वस्तादाला विचारले. नवव्या दिवसापर्यंत थांबा, एवढे एक वाक्य पुरले असते. पण थोरल्याचा लंगोट काही खुंटीवर नव्हता. आणि खरे सांगायचे तर आपला पोरगा पुन्हा एकदा हत्तीवर बसलेला वस्तादाला पाहायचा होता.

कुस्ती पेलाभर दूध प्यायला लागेल तेवढाही वेळ चालली नाही. पाहुण्या पैलवानाने थोरल्याच्या मानेवर हात टाकून ओढले. हा रोजचाच डाव होता, त्यात खोट काही नव्हती. थोरला मातीवर पालथा पडला आणि उठला नाही. पाहुणा पैलवानच घाबरून मागे सरला.

वस्ताद धावत आला. पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याने विचारले, "कुठं दुखतंय रे?"

"कुठंच नाही, वस्ताद," थोरला म्हणाला. "आता कुठंच दुखत नाही."

वस्तादाला क्षणभर हायसे वाटले. मग त्याचे लक्ष थोरल्याच्या हाताकडे गेले. तो हात मातीत उपडा पडला होता, आणि बोटांवरून एक मुंगळा चालला होता. थोरल्याला त्याची जाणीवच नव्हती. वस्तादाने बोट दाबले, मनगट दाबले, पाय दाबले. थोरला एक गाल मातीत टेकून नुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होता.

त्यानंतर वस्तादाने काही करायचे बाकी ठेवले नाही. तेल लावले, पेज भरवली. धाकट्याने कुस्ती सोडली. तो रोज सकाळी थोरल्याला पाठीवर घेऊन नदीवर जाई आणि पाण्यात धरून ठेवी. पण ते उपाय थकल्या अंगाचे होते, मोडल्या मानेचे नव्हते. वस्ताद रोज धाकट्याची माफी मागे, आणि धाकटा रोज म्हणे की माझी नका मागू. तो थोरल्याची मागायला गेला, तर थोरला डोळे मिटून घेई. त्याला राग नव्हता, पण म्हाताऱ्याचे रडणे त्याला बघवत नव्हते. पावसाळा संपला आणि एके दिवशी पेजेचा दुसरा घास तोंडातच ठेवून तो गेला.

वस्तादाने गदा राजाला परत केली. पुढे त्या तालमीत कुणी कितीही मोठी कुस्ती मारली, तरी नऊ दिवस वाद्य वाजले नाही. वस्तादाचा हात आधी जिंकलेल्याच्या पाठीवर जाई. लोक म्हणत, काय मायेचा वस्ताद आहे. ते ऐकले की तो म्हातारा उठून आत जाई आणि दार लावून घेई.

बोध: जिंकलेल्यालाही दुखते, त्याच्या गळ्यात हार घालण्याआधी कुठे दुखते ते विचारावे.