मगदूमशेठच्या डब्यातलं लोणचं

लोणच्याच्या कारखान्याचे मालक मगदूमशेठ जेवता जेवताच मुलाखती घेत. नुकतीच एमबीए झालेली रेवती नोकरीसाठी समोर बसली, तसे ते म्हणाले, "तुम्हा पोरांना कॉलेजात नुसतं बोलायला शिकवतात. कामाचं काही येत असेल तर सांग, आपलं लोणचं का खपत नाही?"

रेवतीने त्यांच्या डब्याकडे पाहिलं. "शेठ, हे लोणचं आपल्या कारखान्याचं का?"

"छे, हे घरचं. बायकोच्या हातचं."

"आपलं का नाही आणत?"

"त्यात नुसतं मीठ," शेठ बोलून गेले, आणि घास हातातच राहिला.

"कॉलेजात बोलायला नाही शिकवलं, शेठ," रेवती म्हणाली. "गिऱ्हाइकाला बोलतं करायला शिकवलं."

शेठनी डब्याला झाकण लावलं. "उद्यापासून कामावर ये. आणि हे बाहेर कुणाला बोलू नकोस."